मागून येणाऱ्यानं आवाज द्यावा

पुढे कुणी चालताना दिसलं की काका सायकलचं पॅडल मारायचं थांबवत, डावा अंगठा घंटीवर ठेवत, घंटी वाजवण्याआधी किंचित खाकरत आणि मग म्हणत, "ऑन युवर लेफ्ट." तेही इतक्या मऊ आवाजात, की पुढच्या म्हातारीला आपण रस्ता अडवून चाललो होतो असं वाटू नये. तिला ओलांडताना "थँक यू, मॅम", आणि थोडं पुढे गेल्यावर माझ्यासाठी मराठीत, "मागून येणाऱ्यानं आवाज द्यावा. न सांगता कुणाच्या पुढे जाऊ नये."

हे वाक्य मी शंभरदा तरी ऐकलं असेल. अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. सगळ्या जगाची शिस्त ती एकाच नियमात बसवतात आणि तो नियम मोडणारा त्यांच्या मनातून कायमचा उतरतो. काकांच्या मनातून असे कितीतरी जण उतरलेले मी पाहिले. ते स्वतः माझ्या मनातून कसे उतरले, ते सांगायला आज बसलोय.

त्यांचं नाव मी लिहिणार नाही. त्याचं कारण पुढे येईल. मी त्यांना काका म्हणायचो, इथेही काकाच म्हणतो.

दोन हजार साल जवळ येत होतं. जुने प्रोग्रॅम दुरुस्त करायला अमेरिकेतल्या कंपन्यांना माणसं हवी होती, आणि त्या भरतीत मीही नागपूरहून व्हर्जिनियातल्या हर्नडनला येऊन पडलो. चार जणांत एक अपार्टमेंट, बायको सुजाता आणि दोन वर्षांची मुलगी नागपुरात, आणि शनिवार-रविवारचं करायचं काय ते कुणी शिकवलेलं नाही. अपार्टमेंटच्या मागून एक डांबरी वाट जायची, तिच्यावर मोटारींना बंदी. कधीकाळी तिथून आगगाडी धावायची. गाडी बंद झाल्यावर रूळ उचलले, वर डांबर घातलं आणि ती वाट सायकलवाल्यांना, पळणाऱ्यांना, कुत्री फिरवणाऱ्यांना देऊन टाकली. हर्नडन सोडलं की झाडी, मग कुंपणं, गाई, मक्याची शेतं, आणि काही मैलांनी एखादं छोटं गाव. तिथलं जुनं स्टेशन तसंच उभं, फक्त गाडी यायची नाही.

माझे वडील रेल्वेत गँगमन. उभा जन्म रूळ तपासण्यात गेलेला. मी फोनवर हे सांगितलं तर त्यांना पटेचना.

"रूळ काढले? चोरीला गेले का?"

सरकारनंच काढले, असं मी सांगितल्यावर त्यांनी विचारलं, की मग तिथल्या गँगमनचं काय झालं.

त्याच वाटेवर काका मला भेटले, म्हणजे खरं तर मी त्यांना पाडलं. खिशात हात घालून चाललो होतो. मागून घंटी वाजली, काहीतरी "लेफ्ट" ऐकू आलं, आणि मी आज्ञाधारकपणे डावीकडे सरकलो. नेमके ते डावीकडूनच येत होते. मला चुकवायला त्यांनी हँडल वळवलं आणि सायकलसकट गवतात गेले. माझ्या तोंडून "अरे बापरे" निघालं. गवतातून शांत आवाज आला.

"मराठी का? मग चूक माझी. आपला माणूस डावं ऐकलं की डावीकडेच जातो."

सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसचे असतील. पिवळं हेल्मेट, पँटच्या उजव्या पायाला रबर बँड, नाकावर घसरलेला चष्मा. मी नागपूरचा, म्हटल्यावर ते क्षणभर थांबले. "आम्ही पुण्याचे," म्हणाले. मी नाव सांगितलं आणि आडनाव सांगणार तेवढ्यात त्यांनी चेन घसरल्याचं दाखवून सायकल धरायला सांगितलं.

हे मला फार आवडलं. परदेशात आपला माणूस भेटला की आधी नाव, मग आडनाव, मग "म्हणजे मूळचे कुठले?" अशी त्याची पायरीपायरीनं चढाई चालते. माझं आडनाव असं, की महाराष्ट्रातल्या माणसाला पुढचा प्रश्न विचारावाच लागत नाही. आम्ही बौद्ध. मी ते कधी लपवलं नाही, पण ते कळल्यावर समोरच्या चेहऱ्यावर जी हालचाल होते ती बघायचा कंटाळा आला होता. या माणसानं विचारलंच नाही. मी मनात म्हटलं, हा खरा सुशिक्षित.

पुढच्या रविवारी त्यांनी कुणाच्या तरी अंगणातल्या विक्रीतून माझ्यासाठी एक जुनी सायकल आणली. तिचे ब्रेक स्वतः बसवले. मग आमचा रविवार ठरून गेला. सकाळी सातला हर्नडनच्या जुन्या स्टेशनापाशी भेटायचं, तिथून पश्चिमेला अॅशबर्न, मग लीझबर्ग. पाय साथ देत असतील तर पुढचा लांब चढ चढून, दगडी कमानीखालून, जिथे वाट संपते त्या पर्सेलव्हिलपर्यंत. कमानीखाली थांबून खायचं. काकूंनी दिलेल्या पोळीभाजीच्या गुंडाळ्या फॉइलमध्ये असत, आणि त्यांच्यावर पेननं आकडे घातलेले असत. एक नंबर आधी खायची, कारण तिच्यात टोमॅटो आहे. पाणी तहान लागायच्या आत प्यायचं. चढावर बोलायचं नाही. उतारावर ब्रेक दोन्ही हातांनी. वाटेत कुणी आवाज न देता सपकन पुढे गेलं की काका त्याच्या पाठीकडे असे बघत, जणू तो चप्पल घालून देवघरात शिरला होता.

मी त्यांची थट्टा करायचो. एकदा म्हटलं, "काका, तुम्ही घरातसुद्धा काकूंना आवाज देऊनच पुढे जाता का?"

"तिच्या पुढे जायची वेळ आलेली नाही अजून," ते म्हणाले.

मी त्यांच्यावर जीव टाकला, हे कबूल करायला हवं. लायसन्सच्या परीक्षेला त्यांनी मला स्वतःच्या गाडीवर शिकवलं. सुजाता आणि मुलगी यायच्या होत्या तेव्हा त्यांचे फॉर्म काकांनी ओळ न् ओळ तपासले. विमानतळावर आम्ही दोघं गेलो. जानेवारीची थंडी, आणि माझ्या पोरीच्या अंगात नागपूरचा स्वेटर. काकांनी पिशवीतून लाल रंगाचा कोट काढला, गुडघ्यावर बसून तिला घातला आणि बटणं लावता लावता म्हणाले, "आता कितीही बर्फ पडू दे, काय?" ती त्यांच्याकडे बघून हसली. तिचे आजोबा होते हजारो कोसांवर, तेव्हा हेच आजोबा, असं तिनं ठरवून टाकलं.

त्या वर्षीच्या ऑक्टोबरात काका पडले.

कमानीच्या अलीकडे ओल्या पानांचा थर साचला होता. ते माझ्या पुढे होते. मागचं चाक सरकलं आणि ते खांद्यावर आदळले. आदळताना तोंडातून निघालं, "माय वं!"

पुण्याचा माणूस असं ओरडत नाही. मी ते ऐकलं, पण तेव्हा विचार करायला सवड नव्हती. खांद्याचं हाड मोडलं होतं. पळायला आलेल्या एक बाई जवळच्या घरातून फोन करायला धावल्या. मी जाकिटाची घडी त्यांच्या डोक्याखाली ठेवली. त्यांचे डोळे मिटलेले, चेहरा पांढरा, ओठ हलत होते. काही मागताहेत म्हणून मी कान जवळ नेला.

ते त्रिशरण म्हणत होते. पालीत, आणि त्याच लयीत, जी आमच्या वस्तीतल्या विहारात रविवारी सकाळी आम्हा पोरांकडून घोटून घेतली जायची. कुठे लांबवायचं, कुठे श्वास घ्यायचा, सगळं तेच. एक फेरी झाली, दुसरी झाली. तिसऱ्या फेरीला माझा आवाज आपोआप त्यात मिसळला. काकांनी डोळे उघडले. आम्ही तिसरी फेरी पूर्ण केली.

मग ते म्हणाले, "कुणाला सांगू नको."

"नाही सांगणार."

"सुजातालाही नाही."

मी शब्द दिला.

हिवाळाभर सायकल बंद होती. रविवारी आम्ही त्यांच्या गाडीनं लीझबर्गपर्यंत जायचो आणि तिथून पुढे त्याच वाटेवर चालायचो. तिथे त्यांनी सगळं सांगितलं, एका दमात नाही, थोडंथोडं करून. आई नागपुरात गिरणीत कामाला. वडील लवकर गेलेले. स्कॉलरशिपवर पुण्याला इंजिनिअरिंगला आले. आडनाव गावावरून पडलेलं, कुणाचंही असू शकेल असं. होस्टेलच्या पहिल्या दिवशी खोलीतल्या मुलानं ते ऐकून विचारलं, म्हणजे तुम्ही कोकणस्थ का? आणि ते हो म्हणाले.

"एक हो म्हटलं बघ," ते म्हणाले. "तेवढंच. मग तेच सांभाळत बसलो."

काकू पुण्याच्या, मोठ्या घरातल्या. त्यांना सगळं माहीत होतं. त्यांच्या माहेरी नाही, आणि काकांच्या दोन्ही मुलांना नाही. आई वारली तेव्हा काका एकटेच नागपूरला जाऊन आले. ऑफिसच्या कामाला गेलो होतो, असं त्यांनी मुलांना सांगितलं.

मला राग यायला हवा होता का? तेव्हा आला नाही. उलट फार आनंद झाला. परक्या मुलुखात मला माझा माणूस सापडला होता. लीझबर्ग मागे पडलं की त्यांची भाषाच बदलायची. "काहून", "अबे", "पोट्टं", सगळं बाहेर यायचं, आणि बोलताना ते हात हलवायचे. परत येताना गाडीत बसलो की पुन्हा पुण्याचे. मला त्याची गंमत वाटायची. वाटायचं, की हळूहळू ही भाषा हर्नडनपर्यंतही येईल.

आमच्या भागात एक मराठी मंडळ होतं. गणपती, दिवाळी, संक्रांत, एखादं नाटक. काका तिथे सेक्रेटरी. त्या हिवाळ्यात माझ्या मनात आलं, की एप्रिलात मंडळात जयंती करावी. आमच्या घरी जयंती म्हटलं की एकच, कुणाची ते सांगावं लागत नाही. एक तासाचा कार्यक्रम, फोटोला हार, कुणीतरी दोन शब्द बोलावेत, मुलांनी काही म्हणावं, खीर. माझी पोर चार वर्षांची होत होती. ती गणपतीची आरती शिकली होती, त्याला माझी ना नव्हती. पण तिनं आमचंही काही चारचौघांत, ताठ उभं राहून म्हणावं, एवढीच माझी इच्छा. बंद दाराआड नको.

वडिलांना फोनवर सांगितलं तर ते घाबरले. तिथं गाजावाजा करू नको, म्हणाले, नोकरी सांभाळ. फोटो मी पाठवतो, घरातच लाव. मी हे जसंच्या तसं काकांना सांगितलं. आम्ही कमानीखाली बसलो होतो. ते हसले.

"बाप घाबरतो. बापानं घाबरावंच. तू पत्र दे. मी आहे ना समितीत? मी बोलतो."

मी पत्र दिलं. सुजातानं निळं कापड आणलं. पोरीनं त्रिशरण पाठ केलं. नागपूरहून फोटो आला, वर्तमानपत्रांत गुंडाळून, दोऱ्यानं बांधून. वडिलांनी भीत भीत का होईना, पण सर्वांत मोठा पाठवला होता.

समितीची बैठक शनिवारी दुपारी अध्यक्षांच्या घरच्या बेसमेंटमध्ये होती. सात जण आणि मी. चहा झाला, माझं पत्र वाचलं गेलं. अध्यक्ष सज्जन माणूस. ते म्हणाले, आपलं मंडळ सांस्कृतिक आहे, हे त्यात कसं बसवायचं ते बघायला हवं. एका बाईंनी अगदी गोड आवाजात विचारलं, "म्हणजे तुमच्या लोकांचा कार्यक्रम का?" मी म्हटलं, सगळ्यांचा. मग अध्यक्ष काकांकडे वळले. मी तर आधीपासूनच त्यांच्याकडे बघत होतो.

काका किंचित खाकरले. ते खाकरणं मला पाठ होतं. मला वाटलं, आता आवाज देतील.

"मला विचाराल तर," ते म्हणाले, "या गोष्टी आपण विमानात बसतानाच मागे सोडायला हव्या होत्या. मी इथे कधी कुणाची जात विचारली नाही, मला कुणी विचारली नाही. उगाच मंडळात फूट नको."

शुद्ध, स्वच्छ, पुण्याची मराठी. कुणीतरी मान डोलावली. एवढ्यावर ते थांबले असते तर कदाचित मी ते गिळलं असतं. पण अध्यक्षांच्या चेहऱ्यावर अजून दुविधा दिसत होती. तेव्हा काका पुढे म्हणाले, "आणि खरं सांगायचं तर यांच्या वडिलांचंही हेच मत आहे. गाजावाजा नको, असं त्यांनी कळवलंय. यांनीच मला सांगितलं. हो ना?"

आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी आयुष्यात पुष्कळ अपमान पाहिलेत. शाळेत पाहिले, नोकरीच्या मुलाखतीत पाहिले. ते करणारी माणसं परकी होती, त्यांच्याकडून दुसरी अपेक्षाही नव्हती. इथे माझ्या बापाची भीती, जी मी कमानीखाली एका आपल्या माणसाच्या ओंजळीत ठेवली होती, ती त्यानं उचलून सात जणांसमोर टेबलावर मांडली. माझ्याच विरुद्ध.

एक वाक्य बोललो असतो तर त्या बेसमेंटमध्ये सगळं उलटंपालटं झालं असतं. ते वाक्य माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. काकांनाही ते दिसलं असणार, कारण ते पेनाचं टोपण काढून पुन्हा पुन्हा लावत होते. ती भीती होती, आणि ती माझ्याच भरवशावर बसली होती. हा बोलणार नाही, याची त्यांना खात्री होती. मी बोललो नाही. "हो," म्हटलं, एवढंच. वडील असं म्हणाले होते हे खरंच होतं.

ठराव पडला. तो पडल्याची नोंद काकांनीच वहीत केली, सुंदर अक्षरात.

घरी सुजाता दारातच उभी होती. सगळं ऐकल्यावर तिनं विचारलं, "तुमचे काका असं बोलले, अन् तुम्ही गप्प काहून बसले?" मला खरं कारण सांगता येईना, कारण शब्द दिलेला. ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. तिला वाटलं, मी बड्या माणसाला घाबरलो. मी तिला तसं वाटू दिलं. त्या माणसापायी माझ्या घरात माझी किंमत कमी झाली, हे मी अजून विसरलेलो नाही.

त्या रविवारी मी सातला स्टेशनापाशी जाऊन उभा राहिलो. मला भांडायचं होतं. त्याहून जास्त, त्यांनी काहीतरी सांगावं असं वाटत होतं. खोटं सांगितलं असतं तरी चाललं असतं. ते आले नाहीत. पुढच्या रविवारीही नाहीत. तिसऱ्या रविवारी मी गेलो नाही.

जयंती आम्ही घरीच केली. मेरीलँडहून दोन कुटुंबं आली, एक विद्यार्थी बसनं आला. लहान मुलं धरून अकरा जण. निळ्या कापडावर फोटो, मेणबत्त्या, अगरबत्ती. स्वयंपाकघरात खीर. पोरीनं त्रिशरण म्हणायला तोंड उघडलं तोच बेल वाजली.

दारात काकू. हातात पांढऱ्या फुलांचा गुच्छ. कुणाशी न बोलता त्या आत आल्या, फुलं वाहिली, नीट वाकून नमस्कार केला. पोरीचं म्हणणं संपेपर्यंत हात जोडून उभ्या राहिल्या. सुजाता बघतच राहिली, या बाईंना हे सगळं कसं माहीत? खीर घ्यायला थांबा म्हटलं तर काकूंनी डबा पुढे केला. घरूनच आणला होता.

जाताना दारात माझ्याजवळ थांबून हळूच म्हणाल्या, "ते खाली गाडीत बसलेत."

मी खिडकीशी गेलो. पार्किंगमध्ये त्यांची गाडी होती. काचा वर. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून ते सरळ समोर बघत होते. आमची खिडकी उघडी होती, त्यामुळे पोरीचा आवाज कदाचित त्यांच्यापर्यंत गेलाही असेल, काचेतून जितका जातो तितका. काकू खाली पोचल्या, डबा त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी मान वर केली नाही.

खाली जायला मला दोन जिने उतरावे लागले असते. मी उतरलो नाही. पुष्कळ लोकांना ही गोष्ट सांगताना मी इथवर येतो, अर्थात नावगाव बदलून, तेव्हा ते म्हणतात, जायला हवं होतंस. मला तसं वाटत नाही. दोन जिने चढायला त्यांनाही पाय होते.

त्या उन्हाळ्यात मी एकटाच सायकल काढू लागलो. एकदा लीझबर्गच्या पुढच्या चढावर होतो, कमान नजरेच्या टप्प्यात आली होती. चढावर बोलायचं नाही, हा नियम मी एकटा असतानाही पाळत होतो. दम लागलेला, मान खाली. आणि अचानक डाव्या कोपराशेजारून एक सायकल निघून गेली. घंटी नाही, आवाज नाही. मी इतका दचकलो की चाक डांबरावरून उतरून खडीत गेलं. पाय टेकून शिवी देणार होतो, तेवढ्यात पाठ दिसली.

पिवळं हेल्मेट. पँटच्या पायाला रबर बँड. मोडून जुळलेला खांदा दुसऱ्यापेक्षा थोडा खाली. पॅडलवर उभं राहून, त्या वयात, जीव खाऊन चढ चढत होते. आवाज दिला असता तर मी ओळखला असता, म्हणून दिला नाही. माझ्या पुढे जायला त्यांनी त्यांचा एकुलता एक नियम मोडला.

मी हाक मारू शकलो असतो. आमच्याकडे एकमेकांना नमस्काराऐवजी जे म्हणतात ते दोन शब्द जोरात म्हटले असते तर त्या कमानीत ते घुमले असते, आणि ऐकायला तिथे गाईंशिवाय कुणी नव्हतं. मी खडीत पाय टेकून उभा राहिलो. ते कमानीच्या सावलीत शिरले आणि पलीकडच्या उजेडात निघाले. मागे वळून बघितलं नाही.

शरद ऋतूत मंडळाच्या पत्रकात निरोपाच्या दोन ओळी आल्या. त्यांनी जॉर्जियात अल्फारेटाला नोकरी घेतली होती, घरही घेतलं होतं. पत्रक माझ्या हातात पडलं तेव्हा त्यांना जाऊन महिना झाला होता.

त्यानंतरच्या वर्षी मी पोरीला सायकल शिकवली, त्याच वाटेवर. ती पाच वर्षांची झाली होती. मराठी समजायची, पण उत्तर इंग्रजीत यायचं. लाल कोट केव्हाच आखूड झाला होता, तरी टाकू देत नव्हती. पहिल्यांदा एकटीनं सायकल चालवताना पुढे एक म्हातारा कुत्र्याला घेऊन चाललेला दिसला. मी मागून पळत पळत ओरडलो, "घंटी वाजव. आवाज दे. मागून येणाऱ्यानं आवाज द्यावा." तिनं घंटी वाजवली, बारीक आवाजात "ऑन युवर लेफ्ट" म्हटलं, आणि म्हाताऱ्यानं टोपी उचलून तिला वाट दिली. पुढे जाऊन ती थांबली. स्वतःवर भलती खूश होती.

"हू टॉट यू दॅट, बाबा?"

"एक काका होते."

"द कोट काका?"

"हो."

"व्हॉट वॉज हिज नेम?"

नाव जिभेवर होतं. त्या नावात लपवण्यासारखं काही नव्हतं, तेवढं एक त्यांना आयुष्यभर पटलं नाही. पण मी कमानीपाशी शब्द दिला होता. त्यांनी दिलेला त्यांनी मोडला होता, माझा अजून माझ्याजवळ होता.

"चल," मी म्हटलं, "पुढे चढ आहे. चढावर बोलायचं नाही."